टिन व्हिसल आणि बौरान: आयरिश संगीत वाजवायला सुरुवात करताना

लेक दुसरीत गेली त्या वर्षी शाळेने दिलेल्या यादीत वह्या, रंगपेटी, डिंकाची कांडी आणि सगळ्यात खाली एक ओळ होती: 'टिन व्हिसल, डी'. आयर्लंडमधल्या पुष्कळ प्राथमिक शाळांत मुलांच्या हातात पहिलं वाद्य येतं ते हेच, सहा भोकांची पत्र्याची शिट्टी. डब्लिनला येऊन आम्हाला तेव्हा तीन वर्षं झाली होती. ती वाजवायला लागली, तिच्या शेजारी बसून मीही लागले, आणि दोन वर्षांनी घरात बौरान, म्हणजे डफासारखं आयरिश तालवाद्य, आला. इथले मराठी मित्र आणि पुण्या-मुंबईकडे बासरी वाजवणारे काही जण मला सारखं विचारतात, सुरुवात कुठून करू? त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या संगीतात सगळ्यात मोठी असते ती ट्यून, म्हणजे बांधलेली धून. व्हिसल, फिडल (म्हणजे व्हायोलिन), बासरी, कॉन्सर्टिना (हातात धरायची छोटी भात्याची पेटी), सगळे एकच ट्यून एकत्र वाजवतात, आणि बौरान त्या ट्यूनच्या पावलावर पाऊल टाकत जातो. त्यामुळे व्हिसल शिकणाऱ्यानेही आणि बौरान शिकणाऱ्यानेही आधी ट्यून्स कानात साठवायच्या. बौरानवाल्याला 'मला फक्त ताल धरायचाय, ट्यून कशाला पाठ करू' असं वाटतं, आणि तिथेच तो अडकतो. मी तर म्हणेन की दोन्ही वाद्यं बरोबरच सुरू करा. व्हिसल तुम्हाला ट्यून देते आणि बौरान त्या ट्यूनचा झोल, म्हणजे तिची डोलती चाल, अंगात भिनवतो.

दोघांची ओळख

व्हिसलला आयरिश भाषेत 'फॅडोग स्टॉइन' म्हणतात, म्हणजे पत्र्याची शिट्टी. कारखान्यात बनलेली व्हिसल इंग्लंडमधून आली. सफक परगण्यातल्या कोनी वेस्टन गावच्या रॉबर्ट क्लार्कने १८४३ साली टिनच्या पत्र्याच्या व्हिसल बनवायला सुरुवात केली आणि पुढे मँचेस्टरला बस्तान बसवलं. स्वस्त असल्यामुळे ती गोरगरिबांच्या खिशात पोचली, आणि आयरिश लोकांनी तिला इतकं आपलंसं केलं की आज जगभर तिला त्यांचंच वाद्य समजतात.

बौरान म्हणजे आपल्या डफाच्या जातीचं वाद्य: लाकडी कडं, एका बाजूला ताणलेलं बकऱ्याचं कातडं, दुसरी बाजू मोकळी. रोमन लिपीत या नावाच्या मधोमध डी-एच लिहितात, पण उच्चार 'बौरान' असाच करायचा. हे नाव ज्या आयरिश शब्दाशी जोडतात त्याचा अर्थ 'बहिरा', आणि भाषेचे जाणकार तो शब्द आपल्या संस्कृतातल्या 'बधिर'चा लांबचा भाऊबंद मानतात. हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. पूर्वी बौरान मुख्यतः २६ डिसेंबरला, सेंट स्टीफन्स डेला, सोंगं काढून घरोघर फिरणाऱ्या 'रेन बॉइज'च्या हातात दिसायचा. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला शॉन ओ रिआडा या संगीतकाराने आपल्या वाद्यवृंदात त्याला मानाने बसवलं. पुढे 'द चीफटन्स'सारख्या मंडळींमुळे तो जगभर गेला.

पहिली पायरी: पंधरा दिवस फक्त ऐका

व्हिसलसाठी दोन नावं लक्षात ठेवा. एक, काउंटी क्लेअरमधल्या डूलिनचे मायको रसेल (१९१५–१९९४). शेतकरी माणूस, आणि वाजवणंही तसंच साधं, मोकळं, श्वास घेत घेत चाललेलं. नवशिक्याने ऐकावं ते हे, कारण प्रत्येक सूर वेगळा ऐकू येतो. दुसरी मेरी बर्गिन. १९७९ साली आलेला तिचा व्हिसलचा अल्बम आजही शिकणाऱ्यांच्या कानावर पहिला घातला जातो. तिची सफाई ऐकून हात आखडू देऊ नका, फक्त ऐकत राहा. बौरानसाठी डी डॅनन या वाद्यवृंदातले जॉनी 'रिंगो' मॅकडोना यांना ऐका, टॉमी हेज यांनाही ऐका, आणि अलीकडच्या पिढीतला जॉन जो केली. रिंगोंना ऐकताना एका गोष्टीकडे लक्ष द्या: ते कुठे वाजवत नाहीत, ते मोजायला लागा.

ऐकताना ट्यूनची जात ओळखायची. मुख्य दोन जाती म्हणजे रील आणि जिग. रीलच्या एका मापात (म्हणजे तालाच्या एका आवर्तनात) आठ छोटे सूर येतात, चार-चार असे. जिगमध्ये सहा, तीन-तीन असे. इथली मुलं जिग ओळखायला सहा अक्षरांचे खाण्याचे शब्द म्हणतात. मी आमच्या लेकीसाठी मराठीत केले. जिग म्हणजे भा-क-री च-ट-णी, आणि रील म्हणजे कां-दे-पो-हे कां-दे-पो-हे. रस्त्याने चालताना ट्यून कानात घाला आणि यातलं कुठलं बसतं ते पाहा. नऊ सुरांची स्लिप जिग आली तर 'भाकरी चटणी पापडी'. पोल्का आणि स्लाइड या जाती केरी आणि कॉर्कच्या सीमेवरच्या स्लिव्ह लूख्रा भागात फार वाजतात, त्या पुढे आपोआप कळतील.

तबल्याची ओळख असणाऱ्यांना जिग म्हणजे दादरा आणि रील म्हणजे केरवा असं लगेच वाटेल. मात्रा मोजायला ते चालतं. पण ठेका त्यात आणू नका. जिगमधल्या तीन सुरांत पहिला जरा लांब, मधला आखूड आणि तिसरा पुढच्या 'भा'कडे ढकलणारा असतो. तीनही सारखे वाजवले की ट्यून बसकी होते. ही लांबी-आखूडता कागदावर लिहिता येत नाही, म्हणून तर ऐकणं पहिलं.

ऐकण्याच्या बरोबरीने ट्यून तोंडाने म्हणा. आयर्लंडमध्ये याला लिल्टिंग म्हणतात. वाद्य नसताना नाचणाऱ्यांसाठी कुणीतरी निरर्थक अक्षरांवर ट्यून गायची, ती जुनी रीत. आपल्याकडे बोल पढंत करतात तसंच. जी ट्यून तुम्हाला म्हणता येत नाही, ती बोटांतून येणार नाही.

दुसरी पायरी: व्हिसल घेणं

डी घ्या. आपल्या भाषेत पांढरी दोन. आयरिश ट्यून्सचा मोठा साठा डी आणि जी या दोन सुरांच्या आसपास बांधलेला आहे, आणि डीच्या व्हिसलवर दोन्ही वाजतात. दुकानात सीची व्हिसलही दिसते, स्वस्तही असते, पण ती घेऊन तुम्ही कुणाबरोबर बसू शकणार नाही.

क्लार्क, जनरेशन, फॅडोग, वॉल्टन्स ही साध्या व्हिसलची नेहमीची नावं. यातली कुठलीही चालेल. क्लार्कची मूळ व्हिसल पुढे निमुळती होत जाते, तोंडाशी लाकडी ठोकळा असतो आणि आवाजात हवा जास्त येते. बाकीच्या बहुतेक सरळ नळीच्या, वर प्लॅस्टिकचं तोंड. महागड्या, हाताने बनवलेल्या व्हिसलकडे वर्षभर पाहू नका. हात बसला की आपल्याला कसला आवाज आवडतो ते कळतं, पैसे तेव्हा घाला.

लांबलचक, खर्जाची लो व्हिसल ऐकून कितीतरी जण या वाटेला येतात. तिची एक गोष्ट आपल्याशी जोडलेली आहे. फिनबार फ्युरी या वादकाकडे भारतातून आलेली एक बांबूची शिट्टी होती, आणि ती त्याला प्राणापलीकडे प्रिय होती. दौऱ्यात ती मोडली. वाद्यं बनवणाऱ्या बर्नार्ड ओव्हर्टनला ती दुरुस्त करता येईना, म्हणून १९७१ साली त्याने धातूची तशीच एक करून पाहिली. आजच्या लो व्हिसलची सुरुवात ती. सुरेख वाद्य आहे, पण भोकं लांब लांब आणि श्वास फार लागतो. सहा महिने छोट्या डीवर काढा, मग तिच्याकडे या.

तिसरी पायरी: धरणं आणि फुंक

डावा हात वर, उजवा खाली. दोन्ही हातांची अंगठ्याजवळची तीन-तीन बोटं सहा भोकांवर, अंगठे मागून आधाराला. व्हिसलची भोकं लहान असतात, त्यामुळे बोटाच्या पहिल्या पेराचा मांसल भागच पुरतो. मोठी बासरी वाजवणारे सवयीने बोटं आडवी टाकतात, त्याची इथे गरज नाही. बोटं दाबायचीही नाहीत. वाजवून झाल्यावर बोटांवर खोल गोल ठसे दिसले तर तुम्ही दाबताय असं समजा. हलके ठसे चालतील.

आता सहाही भोकं झाकून फुंका. गरम चहावर फुंकर घालतो त्याच्या निम्म्याने. खालचा डी फार कमी हवा मागतो. किंचाळल्यासारखा आवाज आला तर दोनच कारणं असतात: फुंक जास्त झाली, किंवा एखाद्या भोकातून हवा निसटतेय. बहुतेक वेळा ते खालच्या हाताचं तिसरं बोट असतं. ते नीट बसेपर्यंत एक काम करा. आधी वरची तीन भोकं झाकून वाजवा, मग एक-एक बोट खाली वाढवत न्या. सूर फाटला की कुठलं बोट चुकतंय ते हाताशी लागतं.

पहिला आठवडा रोज दहा मिनिटं लांब सूर. मोबाइलवर तानपुरा पांढरी दोनला लावा आणि एकेक सूर त्यात मिसळेपर्यंत धरा. आपल्याकडच्या शिकवणुकीचा हा भाग इथे जसाच्या तसा कामी येतो. वरचं सप्तक तीच बोटं ठेवून जरा जास्त फुंकलं की येतं. वरच्या डीला मात्र सगळ्यात वरचं भोक उघडं ठेवा, बाकीची पाच झाकलेली. सूर साफ येतो.

मध्येच आवाज घोगरा झाला तर आत बाष्प साठलंय. तोंडाजवळच्या खिडकीवर बोट ठेवून एकदा जोरात फुंका, मोकळी होते. फार वेळा होत असेल तर भांड्याच्या साबणाचा एक थेंब हवेच्या फटीतून सोडून वाळू द्या. थंडीत वाजवण्यापूर्वी व्हिसल पाच मिनिटं मुठीत किंवा काखेत धरा, गार व्हिसलचा सूर उतरलेला असतो.

चौथी पायरी: बोटं, आणि बासरी वाजवणाऱ्यांसाठी चांगली बातमी

सगळी झाकलेली म्हणजे डी. खालून एकेक बोट उचलत गेलं की ई, एफ शार्प, जी, ए, बी, आणि सगळी उघडी म्हणजे सी शार्प. साधा सी हवा असेल तर सगळ्यात वरचं एक उघडं, त्याच्या लगतची दोन झाकलेली, बाकी तीन उघडी.

आता बासरीवाल्यांनी इकडे लक्ष द्यावं. आपल्या बासरीवर वरची तीन भोकं झाकली की षड्ज. व्हिसलवर त्याच बोटांना जी, म्हणजे पांढरी पाच. म्हणजे डीची व्हिसल ही बोटांच्या हिशेबाने तुमची जी स्केलची बासरीच आहे. सगळी झाकली की खालचा पंचम, सगळी उघडी की तीव्र मध्यम, सगळं ओळखीचं. फरक शुद्ध मध्यमाचा: बासरीवर तो अर्ध्या भोकाने काढतो, इथे वर साध्या सीसाठी सांगितलेल्या बोटांनी. जीच्या ट्यून्स वाजवताना हे नातं धरा, निम्मं काम झालं.

डीच्या ट्यून्सना मात्र सगळी झाकलेली म्हणजे षड्ज धरावा लागतो, आणि बोटं सुरुवातीला गोंधळतात. तेच सात सूर वापरून ईला षड्ज मानलं की काफी थाटाचे सूर मिळतात, एला मानलं की खमाजचे, बीला मानलं की आसावरीचे. अशा ट्यून्स आयरिश संगीतात भरपूर आहेत. राग शोधायला जाऊ नका, इथे ट्यूनला रागाची चाल नाही. पण 'ही काफीच्या सुरांतली' एवढी खूण बांधली की ट्यून पाठ व्हायला मदत होते.

पाचवी पायरी: पहिली ट्यून

शाळेतली मुलं बहुतेकदा 'फॉइन्या ग्याल अन लाए' या संथ ट्यूनने सुरुवात करतात. नावाचा अर्थ दिवसाचं लख्ख कडं, म्हणजे पहाट. संथ असल्यामुळे फुंक आणि बोटं दोन्ही तपासता येतात. ती महिनाभर वाजवा. मग 'केश' नावाची जिग घ्या. आयर्लंडमध्ये ही न येणारा वादक सापडणं कठीण. पांढरी पाच षड्ज धरून तिच्या पहिल्या भागाची सुरुवात सरगममध्ये अशी आहे:

सा – – सा रे ग | रे ग रे रे ग प | ध प प सां प प | ध प ग प ग रे

पहिल्या चार मापांत फक्त सा रे ग प ध आहेत, म्हणजे भूपाचे सूर. आठव्या मापात 'रे सा नी सा –  –' असं ती घरी येते. गावोगावी थोडेफार पाठभेद ऐकू येतात. आधी हे तोंडाने म्हणा, 'भाकरी चटणी'च्या झोलात. मग बोटांवर आणा, इतकं सावकाश की एकही सूर चुकणार नाही. दुसऱ्या मापातला पंचम व्हिसलच्या वरच्या सप्तकातला आहे, तिथे फक्त सगळ्यात वरच्या भोकावर बोट असताना एकदम सहाही बोटं बदलावी लागतात, आणि सगळे तिथेच अडखळतात. 'रे ग प' एवढे तीनच सूर वीस-वीस वेळा घोळा. आमच्या घरी भाजी चिरतानासुद्धा लेक पोळपाटावर ही तीन बोटं आपटत असायची.

बहुतेक ट्यून्सची बांधणी एकच असते. आठ मापांचा पहिला भाग दोनदा, आठ मापांचा दुसरा भाग दोनदा, मिळून बत्तीस. जिग नेहमीच्या वेगात वाजवली तर अर्ध्या मिनिटात एक फेरी होते. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की न थांबता दुसरी ट्यून. लोक कागद समोर ठेवत नाहीत. कागदावरून शिकलात तरी चालेल, पण शिकल्यावर कागद बाजूला ठेवून कानाने पुन्हा शिका.

आता श्वास. ट्यूनमध्ये श्वासाला जागा ठेवलेली नसते, ती आपण करायची, एखादा सूर गाळून. 'सा – –' असा लांब सूर असेल तर त्याचा शेवट सोडा. मधला बिनमहत्त्वाचा सूर गाळला तरी कुणाला कळत नाही, पण मापाचा पहिला सूर गाळू नका. दर वेळी त्याच जागी श्वास घ्यायचा नाही, म्हणजे ट्यून जिवंत राहते.

जीभही जपून वापरायची. शाळेत रेकॉर्डर वाजवलेले प्रत्येक सुराला 'तू-तू-तू' करतात. इथे सूर एकमेकांत वाहतात, जीभ फक्त जोर देण्यापुरती. अलंकार तीन-चारच आहेत. कट म्हणजे सुराच्या आधी वरचं एक बोट निमिषभर उचलणं. टॅप म्हणजे खालचं एक बोट निमिषभर आपटणं. दोन्ही मिळून रोल: सूर, कट, सूर, टॅप, सूर, एका लांब सुराच्या जागी. लक्षात ठेवायचं ते हे की कट-टॅपमध्ये मधला सूर ऐकू येताच कामा नये. तो एक धक्का आहे, तालाचा. मुरकी किंवा कणस्वराच्या सवयीने त्यात सूर भरला की ते आयरिश वाटत नाही. पहिले तीन महिने अलंकार नसले तरी काही बिघडत नाही.

सहावी पायरी: बौरान

खरेदीत मी एकदा फसले आहे. पर्यटकांच्या एका दुकानातून वर हार्प रंगवलेला बौरान घेतला. कातडं पुठ्ठ्यासारखं जाड, आवाज खोक्यावर मारल्यासारखा. दोन महिने मला वाटत होतं की माझं मनगटच चुकतंय. शेजारच्या एका जुन्या वादकाने त्यावर बोट फिरवलं, म्हणाले, हा भिंतीवर लावा, आणि स्वतःचा जुना बौरान महिनाभर वापरायला दिला. पहिल्या थापेलाच फरक कळला. म्हणून सांगते: रंगवलेला घेऊ नका. व्यास १४ ते १६ इंच, कड्याची खोली चार ते सहा इंच, कातडं हाताने दाबलं तर थोडं दबेल इतकं पातळ, आणि आतून ताण कमी-जास्त करायचे स्क्रू असलेला घ्या. आत आडवी दांडी नसली तर डावा हात मोकळा फिरतो.

कातडं हवेवर चालतं. दमट हवेत सैल पडतं, हीटर किंवा एसीच्या कोरड्या हवेत कडक होतं. आपल्याकडे हलगी शेकोटीवर धरून तापवतात ती याच कारणासाठी. इथे उलटी वेळही येते: खोली कोरडी असली की कातड्याच्या आतल्या बाजूने ओलसर फडकं फिरवतात, अगदी थोडं. मुंबईच्या पावसाळ्यात बौरान सैल पडेल तेव्हा स्क्रू सगळ्या बाजूंनी सारखे, थोडे-थोडे आवळा. वाजवून झालं की पुन्हा सैल करून ठेवा. विमानाने नेणार असाल तर नक्कीच सैल करा.

वाजवायच्या काठीला टिपर म्हणतात, आयरिशमध्ये 'किपीन'. ढोल-ताशा पथकातल्यांना टिपरू आठवेल, शब्द जुळतो हा योगायोग. वीत-सव्वा वीत लांबीची असते. पहिल्या आठवड्यात बौरानला हात लावू नका. एक पेन्सिल आणि सोफ्याची उशी पुरे. पेन्सिल लिहायला धरतो तशी मधोमध धरा, मग मनगट वळवून टोक स्वतःच्या छातीकडे करा. आता ओल्या हातावरचं पाणी झटकल्यासारखं मनगट खाली-वर फिरवा. कोपर जवळजवळ स्थिर. जाताना एक घाव, येताना एक घाव, दोन्ही एकाच टोकाने. केरीकडे काही जण दोन्ही टोकं वापरतात, ते नंतर.

मग बौरान डाव्या मांडीवर उभा ठेवा, कड छातीच्या डाव्या बाजूला टेकलेली, डावा हात मागून आत, तळवा कातड्यावर. हा डावा हात म्हणजे बौरानचा खरा जीव. तळवा सोडला की घुमतं, टेकवला की आवाज सुका होतो, दाबत वर सरकवला की सूर चढतो. डग्ग्यावर मनगट दाबून घुमारा काढता येत असेल तर याची चटकन उमज पडेल.

रीलला खाली-वर-खाली-वर, पहिल्या घावावर थोडा जोर. जिगला दोन रीती आहेत. काही जण खाली-वर-खाली, खाली-वर-खाली असे तीन-तीन वाजवतात. काही जण हात न मोडता खाली-वर-खाली, वर-खाली-वर असे सहा, म्हणजे 'चटणी'च्या 'च' वर जोर वरच्या घावाचा येतो. दुसरी रीत आधी अवघड वाटते, पण वेग वाढल्यावर तीच कामी येते. नवशिक्याचा वरचा घाव नेहमी कच्चा असतो. म्हणून रोज पाच मिनिटं फक्त वरच्या घावावर जोर देऊन वाजवा.

आणि बौरानवर सराव करताना रेकॉर्डिंग लावूनच बसा. तुम्हाला व्हिसलवर येणारीच ट्यून लावा. दुसरा भाग कुठे वर चढतो, कुठे घरी येतो हे आधीच ठाऊक असलं की हात आपोआप तिथे मोकळा होतो आणि इतर ठिकाणी मागे राहतो.

सातवी पायरी: माणसांत जाणं

घरात बसून एका मर्यादेपर्यंतच जाता येतं. १९५१ साली स्थापन झालेल्या 'कोल्तस क्योल्तोरी एरन' या संस्थेच्या शाखा आयर्लंडभर आणि बाहेरही आहेत, तिथे वर्ग चालतात. दर जुलैमध्ये क्लेअरमधल्या मिलटाउन मालबे या छोट्या गावी विली क्लॅन्सी समर स्कूल भरतं, १९७३ पासून. आठवडाभर गावातल्या घराघरांत, शाळांत वर्ग आणि रात्री गावभर संगीत. फक्त बौरानवाल्यांसाठी अरन बेटांतल्या सगळ्यात लहान बेटावर, इनिश ईरवर, 'क्रॅक्यन' नावाचं शिबिर भरत आलं आहे. नावाचा अर्थच कातडं.

पबमधली सेशन म्हणजे मैफल नव्हे, तिथे श्रोत्यांसाठी वाजवत नाहीत, एकमेकांसाठी वाजवतात. डब्लिनमध्ये स्मिथफील्डचं कॉबलस्टोन, डूलिनमध्ये गस ओ'कॉनर्स, वेस्टपोर्टमध्ये मॅट मलॉय यांचा पब. यातल्या कुठेही गेलात तरी पहिल्या दोन-तीन वेळा वाद्य पिशवीतच ठेवा आणि ऐका. वादकांच्या रिंगणातली रिकामी खुर्ची रिकामी नसते, कुणाची तरी ठरलेली असते. विचारल्याशिवाय बसू नका. येत नसलेल्या ट्यूनवर हळूच सूर शोधत बसू नका, ते बाजूच्याला फार त्रासाचं होतं. बौरान एका वेळी एकच. आधीच कुणी वाजवत असेल तर थांबा, आणि ते टेकले की विचारून घ्या. संथ, ताल नसलेली ट्यून, ज्याला इथे 'एअर' म्हणतात, ती सुरू झाली की टिपर मांडीवर ठेवून द्यायचा. कुणी एकटं गात असेल तेव्हाही.

दोन जिग आणि एक पोल्का एवढं पक्कं येऊ लागलं की जायला हरकत नाही. मध्ये एखादी शांतता पडते आणि शेजारचा कुणीतरी वळून विचारतो, 'एखादी ट्यून आहे का तुझ्याकडे?' माझ्यावर ही वेळ आली तेव्हा माझ्या पिशवीत व्हिसल गार पडली होती. तुमची बाहीत धरून गरम ठेवा. 'आहे' म्हणा, आणि घरी ज्या सावकाश वेगात वाजवता त्याच वेगात 'केश' सुरू करा. जो सुरू करतो त्याचा वेग असतो. दुसऱ्या भागापर्यंत फिडल येतं, मग कॉन्सर्टिना, आणि तिसऱ्या फेरीला कोपऱ्यातून बौरान.